एचआयव्ही जिंकतो तो कसा? : एका गाजलेल्या लेखाचे पुनर्वाचन

'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या ऑगस्ट १९९५ च्या अंकात मार्टिन नोवाक आणि अँड्र्यू मॅकमायकल यांचा एक लेख आला होता. एचआयव्ही हा विषाणू आपल्या प्रतिकारयंत्रणेचा पराभव कसा करतो, हा त्याचा विषय, आणि शीर्षकही तेच. नोवाक हे गणिताच्या साहाय्याने जीवशास्त्राचे प्रश्न सोडवणारे, तर मॅकमायकल हे मारक टी-पेशींवर काम करणारे वैद्यक संशोधक. दोघेही तेव्हा ऑक्सफर्डला होते. असा जोडलेख लोकविज्ञानाच्या मासिकात वाचायला मिळणे ही तशी दुर्मीळ गोष्ट. एकाने समीकरण मांडायचे आणि दुसऱ्याने रुग्णाच्या रक्तातून त्याची साक्ष काढायची, असा तो मेळ होता.

या लेखाकडे पुन्हा वळण्याचे कारण असे की, एचआयव्हीविषयी पुढे जे समजावून सांगणारे लिखाण झाले, त्यातल्या पुष्कळ लिखाणावर याच मांडणीची छाप दिसते. आपण वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हाही कळत नकळत तीच सांगतो: विषाणू सतत रूपे बदलतो, प्रतिकारयंत्रणा एका रूपाला ओळखेपर्यंत दुसरे तयार होते, रूपे वाढत जातात, आणि शेवटी यंत्रणा थकून कोसळते. या कथेचा पहिला भाग काळाच्या कसोटीला उत्तम उतरला आहे. शेवटचा भाग उतरलेला नाही. गंमत अशी की सांगताना रंगतो तो शेवटचाच भाग.

आधी जे उतरले आहे त्याविषयी.

लागण झाल्यापासून आजार दिसू लागेपर्यंत, उपचार नसतील तर, सरासरी दहाएक वर्षे जातात. या काळात माणूस धडधाकट असतो. म्हणून विषाणू या काळात झोपलेला असतो, असा समज बरीच वर्षे होता. जानेवारी १९९५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक डेव्हिड हो यांच्या गटाचा आणि दुसरा जॉर्ज शॉ यांच्या गटाचा. रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारे नवे औषध दिले, तर रक्तातले विषाणू काही दिवसांतच झपाट्याने कमी झाले. याचा अर्थ काय? टाकीत पाण्याची पातळी वर्षानुवर्षे स्थिर दिसत असेल, आणि वरचा नळ बंद करताच ती तासाभरात खाली जात असेल, तर आधीही तेवढेच पाणी खालून वाहून जात होते आणि वरून तेवढेच येत होते. पातळी स्थिर होती, पाणी नव्हे. पुढच्याच वर्षी हा हिशेब आणखी काटेकोर झाला. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणूकण तयार होतात आणि जवळजवळ तेवढेच नष्ट होतात. विषाणू तयार करू लागलेली पेशी दोनएक दिवसांतच मरते. नोवाक-मॅकमायकल यांच्या लेखामागे हे ताजे आकडे उभे होते, आणि त्यांनी त्यांतून योग्य तो निष्कर्ष काढला: इतक्या पिढ्या इतक्या वेगाने होत असतील, तर एकाच माणसाच्या शरीरात डार्विनची उत्क्रांती आपल्या डोळ्यांदेखत घडत असणार.

विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकवताना आपली नेहमीची अडचण अशी की उदाहरणे लाखो वर्षांची असतात. इथे एका रुग्णाची दहा वर्षे पुरतात. शिवाय गणित आठवीच्या मुलाला झेपेल इतके सोपे आहे, म्हणून ते इथे करूनच पाहू.

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएच्या सुमारे ९,७०० अक्षरांचा असतो. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर या आरएनएवरून डीएनएची प्रत उतरवते. हा नकलनवीस घाईचा आहे, आणि त्याच्यामागे मुद्रितशोधक नाही. आपल्या पेशींमध्ये डीएनएची नक्कल होताना चुका तपासून दुरुस्त करणारी व्यवस्था असते, इथे तसे काही नाही. सरासरी ३०,००० अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे ९,७०० अक्षरांच्या तीन प्रती काढल्या की त्यांतल्या एकीत चूक असणार. रोजच्या हजार कोटी कणांपैकी बहुतेक कोणत्याही पेशीत न शिरताच नष्ट होतात, त्यामुळे चुकांचा हिशेब कणांवरून नव्हे, तर नव्याने लागण झालेल्या पेशींवरून करायला हवा. (हा फरक अनेक लेखांत निसटतो.) आपण सावधपणे रोजच्या एक कोटी पेशी धरू. तर रोज तेहतीस लाखांच्या आसपास चुका होतील. आता ९,७०० जागांपैकी प्रत्येक जागी इतर तीन अक्षरे येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराचे संभाव्य बदल २९,००० च्या आसपास. तेहतीस लाखांना २९,००० ने भागा. शक्य असलेला प्रत्येक एकेरी बदल रोज शंभराहून अधिक वेळा, कुठे ना कुठे, होऊन जातो!

हा आकडा नीट मुरला पाहिजे. औषध सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच त्या औषधाला दाद न देणारा विषाणू शरीरात हजर असतो. औषध त्याला घडवत नाही, औषध त्याला फक्त निवडते. आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की 'शरीराला औषधाची सवय होते' किंवा 'विषाणू औषधाला सरावतो'. दोन्ही वाक्ये चूक आहेत. शरीराला कसलीही सवय झालेली नसते, आणि एकही विषाणू काही शिकलेला नसतो. जे आधीच वेगळे होते ते उरले, बाकीचे गेले, एवढेच. 'विषाणू वेश बदलून चकवतो' हे वाक्यही याच माळेतले. चकवायला हेतू लागतो. नकलनवीसाच्या चुका बहुतांशी विषाणूच्याच मुळावर येतात. बहुसंख्य बदललेल्या प्रती निकामी असतात. आपल्याला दिसते ती उरलेल्यांची यादी, आणि ती पाहून आपण धूर्तपणाची कल्पना करून घेतो.

हाच हिशेब एक पायरी पुढे नेला, तर उपचारांचे सारे तर्कशास्त्र मुलांच्या हाती येते. एखादा ठरावीक बदल एका नकलेत होण्याची शक्यता ढोबळमानाने लाखात एक. रोजच्या एक कोटी नकलांत तो शंभर वेळा होतो. दोन ठरावीक बदल एकाच नकलेत होण्याची शक्यता हजार कोटीत एक, म्हणजे सुमारे हजार दिवसांतून एकदा. आणि तीन? दहा कोटी दिवसांतून एकदा, म्हणजे पावणेतीन लाख वर्षे. एकट्या औषधाला प्रतिरोध का झाला आणि तीन औषधांच्या संयोगाने १९९६ पासून चित्र का पालटले, ते या तीन ओळींत आहे. १९८७ मध्ये मान्यता मिळालेल्या एझेडटी या पहिल्या औषधाला दाद न देणारे विषाणू १९८९ पर्यंत नोंदले गेले होते. लॅमिवुडिन हे औषध एकटे दिले, तर एका अक्षराच्या बदलाने काही आठवड्यांत निष्प्रभ होते.

अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. सगळ्या जागी चुकांचे प्रमाण सारखे नसते. एका कणात आरएनएच्या दोन प्रती असतात आणि नक्कल करताना विकर एकीवरून दुसरीवर उडी मारते, त्यामुळे दोन वेगळ्या विषाणूंतले बदल एकत्र येऊ शकतात. पण सर्वांत मोठी अट वेगळीच आहे. तीन औषधे एकाच वेळी पुरेशा प्रमाणात रक्तात असतील तरच तीन बदल एकाच नकलेत व्हावे लागतात. गोळ्या मधेच सुटल्या, एखादे औषध रक्तात उरले आणि बाकीची ओसरली, तर विषाणूला एकेक पायरी चढायची मुभा मिळते. पावणेतीन लाख वर्षांचा पहाड मग तीन ठेंगण्या पायऱ्यांचा होतो. 'गोळी चुकवू नका' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर नुसते लिहिण्यापेक्षा हे गणित एकदा फळ्यावर करून दाखवणे अधिक मोलाचे वाटते.

आता लेखाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे पराभवाच्या कारणाकडे वळू.

नोवाक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून जो सिद्धान्त मांडला होता, तो 'वैविध्याच्या उंबरठ्या'चा. त्याचा गाभा एका विषमतेत आहे. प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया विशिष्ट असते: एका रूपाविरुद्धच्या पेशी त्या रूपालाच मारतात. उलट विषाणूचे कोणतेही रूप कोणत्याही साहाय्यक टी-पेशीचे नुकसान करू शकते, आणि या साहाय्यक पेशींवाचून इतर प्रतिक्रिया उभ्याच राहत नाहीत. म्हणजे एकीकडे प्रत्येक कुलपाला स्वतंत्र किल्ली हवी, आणि दुसरीकडे कोणताही चोर किल्ल्या घडवणाऱ्या लोहारालाच मारू शकतो. कुलपांची संख्या वाढत गेली, की एका टप्प्यावर लोहारांचा मेळ बसेनासा होतो. तो टप्पा म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की विषाणूंची संख्या भडकते आणि एड्स सुरू होतो.

युक्तिवाद देखणा आहे, यात शंका नाही. दहा वर्षांचा निरोगी काळ आणि नंतरचा उतार या दोन्हींचा उलगडा एकाच कल्पनेने होतो. पण देखणेपणा हा पुरावा नव्हे. उंबरठ्याची कल्पना खरी असेल, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक, ज्यांचा आजार झपाट्याने वाढतो त्यांच्यात वैविध्य लवकर वाढलेले असावे. दोन, आजार सुरू होण्याच्या सुमारास वैविध्य कळसाला असावे.

तपासणी झाली, आणि दोन्हींबाबत निकाल उलटा लागला. १९९६ मध्ये स्टीव्हन वोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले की, झपाट्याने खालावणाऱ्या रुग्णांत विषाणूचे वैविध्य जास्त नव्हे, कमी होते. विचार केला तर ते पटतेही. प्रतिकार जोरदार असेल तर निवडीचा दाब जास्त आणि म्हणून बदलही जास्त. प्रतिकार दुबळा असेल तर विषाणूला बदलण्याची गरजच काय? १९९९ मध्ये राज शंकरप्पा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नऊ पुरुषांच्या रक्ताचे ६ ते १२ वर्षांतले नमुने त्यांनी ओळीने तपासले. विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या जनुकातले वैविध्य सुरुवातीला दरवर्षी सुमारे एक टक्क्याने वाढत गेले. पण पुढे ते थांबले किंवा उतरले, आणि शेवटच्या टप्प्यात तर मूळ विषाणूपासून दूर जाण्याचा वेगही मंदावला. कळस आजाराच्या आधीच येऊन गेला होता. उंबरठ्याच्या सिद्धान्ताला ही गोष्ट पचवणे फार कठीण आहे.

लेखकांना दोष देताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. खोडून काढता येईल इतका स्पष्ट सिद्धान्त त्यांनी मांडला होता. पुष्कळ सिद्धान्तांना तेवढेही भाग्य लाभत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. लेखात ज्या गोष्टी रुग्णांच्या रक्तात मोजल्या होत्या आणि ज्या संगणकातल्या प्रतिरूपात दिसत होत्या, त्या एकाच आवाजात सांगितल्या जातात. संगणकाने काढलेला आलेख आणि रुग्णाचा आलेख शेजारी शेजारी आले की दोघांचे वजन सारखे वाटते. सामान्य वाचकाला, आणि घाईत तास घेणाऱ्या शिक्षकालाही, त्यांतली सीमारेषा दिसत नाही. लोकविज्ञानाच्या लेखाने ही रेषा ठळक काढायला हवी.

मग 'किती रूपे' हा प्रश्न चुकीचा असेल तर योग्य प्रश्न कोणता? माझ्या मते तो 'कोणत्या जागी बदल' हा आहे. आणि याचे सर्वोत्तम उदाहरण खुद्द या दोघांची नावे असलेल्या शोधनिबंधातच आहे.

मारक टी-पेशी अख्खा विषाणू पाहत नाहीत. लागण झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत ठेवून पृष्ठभागावर मांडते, आणि मारक पेशी तो तुकडा ओळखून त्या पेशीला मारते. एचएलएचे प्रकार माणसागणिक वेगळे, म्हणून कोणाच्या शरीरात विषाणूचा कोणता तुकडा दिसेल तेही वेगळे. बी-२७ हा त्यांतला एक प्रकार. (पाठीचा कणा आखडणाऱ्या एका विकाराशीही याच बी-२७चा संबंध आहे, निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने घेतो, ते असे.) बी-२७ असलेल्यांत एचआयव्हीचा आजार बहुधा संथ असतो. त्यांच्या मारक पेशी विषाणूच्या गाभ्याच्या कवचातला दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा धरतात. १९९७ मध्ये फिलिप गोल्डर आणि सहकाऱ्यांनी असे सहा रुग्ण वर्णिले. त्यांतल्या दोघांना पुढे एड्स झाला. दोघांतही तो तुकडा ९ ते १२ वर्षे जशाच्या तसा राहिला होता आणि मग त्यात एकच, तोच तो बदल स्थिरावला: दुसऱ्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन.

आता आपला हिशेब आठवा. तो बदल तर रोज शंभर वेळा होत असणार. मग नऊ वर्षे का लागली? कारण ती जागा कवचाच्या बांधणीत मोक्याची आहे. तिथे लायसिन आला की मारक पेशींपासून सुटका होते खरी, पण कवचच लेचेपेचे होते आणि विषाणूची वाढ खुंटते. पुढच्या संशोधनातून कळले की हा बदल पचवण्यासाठी त्याच प्रथिनात दूरच्या एका जागी दुसरा बदल आधी व्हावा लागतो, जो कवचाला टेकू देतो. सुटकेची किंमत असते आणि ती चुकवायला वेळ लागतो, हे या उदाहरणातून जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही समीकरणातून दिसत नाही. नऊ वर्षे विषाणूला रोखून धरले ते प्रतिकाराच्या पसाऱ्याने नव्हे. त्याच्या पकडीची जागा अचूक होती म्हणून.

आणखी एक उदाहरण वर्गात जरूर सांगावे. बी-५७ हा एचएलएचा असाच एक गुणकारी प्रकार. त्या माणसांत विषाणू कवचातल्या एका ठरावीक बदलाने सुटतो. पण तोच विषाणू बी-५७ नसलेल्या माणसात गेला, की काही काळाने तो बदल पुसला जातो आणि मूळ रूप परत येते. अल्स्डेअर लेस्ली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवले. जिथे दाब नाही तिथे किंमत मोजणारे मागे पडतात. उत्क्रांती म्हणजे सतत 'प्रगत' होत जाणे ही समजूत आपल्या मुलांच्याच काय, आपल्याही मनातून जात नाही. तिला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

प्रतिपिंडांची कथा लांबवत नाही. एवढेच सांगतो की, रुग्णाच्या आजच्या रक्तातले प्रतिपिंड आजच्या विषाणूला क्वचितच रोखतात, काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला मात्र चांगले रोखतात. हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. विषाणूच्या आवरणावरच्या शर्करेच्या थराची मांडणी बदलत राहते, त्यामुळे प्रतिपिंडांना जागा मिळत नाही. पाठलाग कायम आहे, आणि तो कायम एक पाऊल मागे आहे. लेखाची ही बाजू तर अपेक्षेपेक्षाही खरी ठरली.

मूळ प्रश्न मात्र तसाच उरतो: पराभव होतो तो कशाने? साहाय्यक टी-पेशी का संपतात?

१९९५ मध्ये दोन उत्तरे चालत होती. एक नोवाक यांचा उंबरठा. दुसरे, हो यांची नळ आणि मोरीची उपमा: विषाणू पेशी मारतो ती उघडी मोरी, शरीर नव्या पेशी बनवते तो नळ, आणि वर्षानुवर्षे चालून नळ थकतो. दोन्ही उत्तरांत विषाणू थेट मारतो हे गृहीत आहे. पण आफ्रिकेतल्या सूटी मँगबे या माकडांनी या गृहीताला सुरुंग लावला. त्यांच्यात एचआयव्हीचा चुलतभाऊ असलेला विषाणू मोठ्या संख्येने असतो, झपाट्याने वाढतो, बदलतोही, आणि तरीही त्यांना सहसा एड्स होत नाही. नळही तोच, मोरीही तीच, आणि टाकी भरलेली! फरक आहे तो असा की त्या माकडांची प्रतिकारयंत्रणा सुरुवातीच्या लागणीनंतर शांत होते. आपली धगधगत राहते.

ही धग कुठून येते? २००४ मध्ये दोन गटांनी दाखवले की, लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या साहाय्यक पेशींचा मोठा भाग नष्ट होतो. आपण मोजतो रक्तात, आणि पेशी मेलेल्या असतात पोटात. २००६ मध्ये पुढचा दुवा मिळाला: आतड्याची भिंत झिरपू लागते, तिथल्या जिवाणूंचे घटक रक्तात येतात आणि प्रतिकारयंत्रणेला कायम चेतवत ठेवतात. चेतलेल्या टी-पेशी एचआयव्हीचे आवडते घर. म्हणजे आगीत तेल. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टन संस्थेतल्या वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने आणखी एक धक्का दिला. लसिका ऊतकात मरणाऱ्या साहाय्यक पेशींपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास पेशींत विषाणूची वाढ झालेलीच नसते. विषाणू आत शिरतो, डीएनएची प्रत अर्धवट राहते, पेशीला तो अर्धवट तुकडा जाणवतो आणि ती दाह पेटवत स्वतःच फुटते. त्या दाहाने नव्या पेशी तिथे ओढल्या जातात. म्हणजे मरणाऱ्यांपैकी बहुतेकांना विषाणूने थेट मारलेले नसते.

इथे 'किल्ला आणि सैनिक' ही आपली लाडकी उपमा साफ कोलमडते. शत्रूने सैनिक कापले असे सांगायचे, तर सैनिकांनी स्वतःच दारूगोळ्याला बत्ती दिली हेही सांगावे लागेल. पहिली-दुसरीच्या मुलांना जंतू म्हणजे काय ते सांगताना सैनिक ठीक आहेत. माध्यमिक शाळेत ते निवृत्त करावेत. शरीरातल्या या घडामोडी युद्धापेक्षा बिघडलेल्या हिशेबासारख्या आहेत, जिथे प्रत्येक खाते आपापल्या नियमाने बरोबर चालते आणि एकूण तोटाच होतो.

युद्धाच्या भाषेवरचा माझा आक्षेप केवळ शास्त्रीय नाही. १९९५ मध्ये 'पराभव' हा शब्द वस्तुस्थितीला धरून होता, कारण तेव्हा बहुतेक रुग्णांचा शेवट ठरलेला होता. आज तो तसा नाही. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत विषाणुरोधक उपचार मोफत सुरू झाले. नियमित उपचार घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, आणि तसा तो दबलेला असेपर्यंत लैंगिक संबंधातून त्याची लागण दुसऱ्याला होत नाही, हे २०११ पासूनच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे. आपल्या वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांत जन्मतःच लागण झालेले, रोज गोळ्या घेणारे एखादे मूल असू शकते. आपल्याला ते ठाऊक नसेल, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. २०१७ च्या कायद्याने त्याची गोपनीयता आणि शिक्षणातला समान हक्क दोन्ही राखले आहेत. फळ्यावर विषाणूच्या विजयाचा आलेख काढताना ते मूल तो आलेख आपल्या स्वतःच्या आयुष्याचा म्हणून पाहत असते. तो आलेख उपचार न घेतलेल्या शरीराचा आहे, हे वाक्य आलेखाखाली लिहिल्याशिवाय तो काढू नये. औषधाने नक्कलच थांबली की चुका थांबतात, आणि चुका थांबल्या की उत्क्रांतीही थांबते, हे त्याच तासाला सांगता येते.

अर्थात ती थांबते, संपत नाही. काही साहाय्यक पेशींच्या डीएनएत विषाणूचा मजकूर शिवला जातो आणि पेशी निद्रिस्त होते. तिथे तो औषधांना आणि मारक पेशींना, दोघांनाही दिसत नाही. १९९७ मध्ये हा साठा उपचाराखालच्या रुग्णांत सापडला, आणि तो इतक्या संथपणे आटतो की केवळ औषधांच्या बळावर पूर्ण रिकामा व्हायला ७० हून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब निघाला. दफ्तरखान्यात जुनी कागदपत्रे पडून असावीत तशी विषाणूची जुनी रूपे, औषधाला दाद न देणारीसुद्धा, तिथे पडून असतात. म्हणून गोळ्या आयुष्यभर. नोवाक-मॅकमायकल यांच्या चित्रात या दफ्तरखान्याला जवळजवळ जागाच नाही, पण तो तेव्हा नीट सापडलाही नव्हता.

मूळ लेख शिक्षकांनी वाचावा का? वाचावा. इंग्रजी सोपे आहे, आकृत्या चांगल्या आहेत, आणि विषाणूच्या पिढ्यांवरून नैसर्गिक निवड समजावणारा भाग आजही जसाच्या तसा वापरता येईल. उंबरठ्याचा भाग मात्र 'असे मानले गेले होते' या शब्दांत सांगावा आणि मुलांना विचारावे: हे खरे असेल तर रुग्णांच्या रक्तात काय दिसायला हवे? वोलिन्स्की आणि शंकरप्पा यांनी विचारलेला हाच प्रश्न आहे. दहावीची मुले थोड्या मदतीने तिथपर्यंत पोचू शकतील असे मला वाटते.

लशींच्या बाबतीतही 'किती' आणि 'कुठे' हा झगडा चालूच आहे. मारक पेशींना जागवणाऱ्या एका लशीची मोठी चाचणी २००७ मध्ये निष्फळ ठरून थांबवावी लागली. थायलंडमधल्या २००९ च्या चाचणीत संरक्षण जेमतेम ३१ टक्के दिसले. विषाणूच्या अनेक रूपांचे तुकडे जोडून केलेल्या लशी २०२१ आणि २०२३ मध्ये अपयशी ठरल्या. रूपे जास्त घेतली म्हणून संरक्षण वाढले नाही. दुसऱ्या बाजूला, औषधांशिवाय विषाणूला दाबून ठेवणारी जी मोजकी माणसे आहेत, त्यांच्या मारक पेशी नेमके काय धरतात याचा अभ्यास २०१९ मध्ये बॉस्टनच्या ब्रूस वॉकर यांच्या गटाने केला. प्रथिनाच्या जाळ्यात ज्या अमिनो आम्लांशी सर्वांत जास्त इतर अमिनो आम्ले जोडलेली असतात, जी हलवली तर सारी बांधणी हलते, अशा जागांवर त्यांची पकड होती. बी-२७च्या रुग्णांत नऊ वर्षे विषाणूला जखडून ठेवणारी जागा याच जातीची.